दुर्मिळ स्किन कॅन्सरची स्लाईड समोर आली की काय करायचं: नवख्यांसाठी पायरीपायरीने

स्किनच्या स्लाईड्स बघायला लागल्यावर पहिले काही महिने सगळं सोपं वाटतं. बेसल सेल कार्सिनोमा, स्क्वेमस सेल कार्सिनोमा, मधूनच एखादा मेलॅनोमा, रोजच्या कामात याच तिघांची ये-जा. मग एक दिवस अशी स्लाईड येते की पेशी वाईट आहेत हे कळतंय पण कोणत्या जातीच्या ते काही केल्या कळत नाही, आणि आपण घाबरून अर्धं पान भरून स्टेन, म्हणजे ठरावीक पेशींनाच रंग देणाऱ्या तपासण्या, मागवतो. मी पण हेच केलंय, बऱ्याचदा केलंय, आणि मग तेरा स्टेन समोर ठेवून आधीपेक्षा जास्त गोंधळलोय.

म्हणून खाली जी पद्धत लिहितोय तिचा गाभा एवढाच आहे की ट्यूमरचं नाव सगळ्यात शेवटी शोधायचं. आधी पेशंटची गोष्ट, मग पॅटर्न, मग त्या पॅटर्नमधे बसणारे चार-पाच संशयित, आणि मग त्या चार-पाच जणांना एकमेकांपासून वेगळं करणारे मोजके स्टेन. हा क्रम उलटा केला की तोंडावर पडायला होतं. (पेशंट किंवा नातेवाईक म्हणून वाचत असाल तर यावरून स्वतःच्या गाठीचं निदान करू नका, पण रिपोर्टमधले शब्द समजायला उपयोग होईल.)

पायरी १: मायक्रोस्कोपचा दिवा लावायच्या आधी फॉर्म वाचा

फॉर्मवर बहुतेक वेळा लिहिलेलं असतं "स्किन लीजन" आणि पुढे एक प्रश्नचिन्ह. यातून काहीच कळत नाही. फोन उचला आणि विचारा: वय किती, जागा नेमकी कुठली, किती दिवसांपासून, किती झपाट्याने वाढतंय, आधी तिथे ऑपरेशन किंवा रेडिएशन झालंय का, पेशंटची इम्युनिटी कमी करणारं काही आहे का म्हणजे ट्रान्सप्लांट, एचआयव्ही, ब्लड कॅन्सर वगैरे, आणि शरीरात दुसरीकडे कुठे कॅन्सर होता का. फोटो मिळाला तर सोन्याहून पिवळं.

नुसत्या जागेवरून किती काम होतं बघा. वरच्या पापणीवर रांजणवाडीसारखी गाठ, दोनदा साफ केली आणि परत आली, तर डोक्यात सेबेशियस कार्सिनोमा यायलाच पाहिजे, कारण पापणीतल्या तेलाच्या म्हणजे मायबोमियन ग्रंथी वरच्या पापणीत जास्त असतात, उलट बेसल सेल खालची पापणी जास्त पसंत करतो. म्हाताऱ्या माणसाच्या टाळूवर मार लागल्यासारखा जांभळा डाग आणि मार लागल्याचं कुणालाच आठवत नाही, अँजिओसार्कोमा म्हणजे रक्तवाहिन्यांच्या पेशींचा कॅन्सर. वरच्या ओठाजवळ वर्षानुवर्षं असलेला कडक पांढरट चट्टा, तिथे बधिरपणा, मायक्रोसिस्टिक अॅडनेक्सल कार्सिनोमा. जांघेत किंवा गुद्द्वाराजवळ "एक्झिमा" जो मलमाने जातच नाही, एक्स्ट्रामॅमरी पॅजेट. खांद्यावर किंवा छातीवर तिशी-चाळिशीतल्या माणसाला हळूहळू वाढणारा कडक पॅच ज्यातून पुढे गाठी वर आल्यात, डर्मॅटोफायब्रोसार्कोमा प्रोट्युबरन्स, हे नाव मोठं आहे म्हणून इथून पुढे सगळे म्हणतात तसं डीएफएसपी. हे निदान नाहीये, पण स्लाईड बघताना कोणाला शोधायचंय हे तरी माहीत असतं.

पायरी २: तुकडा पुरेसा आहे का ते आधी ठरवा

शितावरून भाताची परीक्षा इतर ठिकाणी चालत असेल, इथे चालत नाही. डीएफएसपीचा वरवरचा तुकडा घेतला तर साधा डर्मॅटोफायब्रोमा वाटू शकतो, कारण खरी ओळख खालच्या चरबीत असते. मायक्रोसिस्टिक अॅडनेक्सल कार्सिनोमा शेव्ह बायोप्सीत (वरवर तासून घेतलेल्या तुकड्यात) हुबेहूब सिरिंगोमासारखा दिसतो, म्हणजे निरुपद्रवी, आणि तो खाली स्नायूपर्यंत आणि नर्व्हभोवती पोचलेला असतो हे त्या शेव्हमधे दिसायचं कसं? त्यामुळे तुकडा उथळ असेल आणि ट्यूमर खालच्या कडेला जाऊन तुटलेला दिसत असेल तर रिपोर्टमधे सरळ लिहा की खोल बायोप्सी पाहिजे. यात कमीपणा काही नाही.

टेक्निकल बाजू थोडक्यात: टिश्यू टिकवायला दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन, तुकड्याच्या किमान दहापट. फॉर्मलिन आत शिरतं ते अंदाजे तासाला एक मिलिमीटरच्या वेगाने, म्हणून मोठा नग न कापता तसाच बुडवून ठेवला की मधला भाग सडतो आणि मग स्टेन दगा देतात. चिमट्याने दाबलेला तुकडा तर नकोच, विशेषतः मर्केल सेल कार्सिनोमासारख्या (तो पुढे येतोय) नाजूक पेशी दाबल्या की नुसत्या निळ्या रेघोट्या उरतात. आणि तुकडा छोटा असेल तर पहिल्यांदा कापतानाच आठ-दहा कोऱ्या स्लाईड्स काढून ठेवायला सांगा, कारण ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) परत मशीनवर लावला की सपाट करण्यातच बराच टिश्यू जातो, आणि ज्या स्टेनची खरी गरज असते नेमकी त्याच्याच वेळी टिश्यू संपलेला असतो. हे शिकायला मला दोन केसेस घालवाव्या लागल्या.

पायरी ३: सगळ्यात कमी पॉवरवर पाच मिनिटं

मोठ्या लेन्सकडे हात जायचाच, पण थोडं थांबा. कमी पॉवरवर चार गोष्टी ठरवा. ट्यूमर एपिडर्मिसमधे (त्वचेच्या वरच्या थरात) आहे, त्याला चिकटलाय की मधे मोकळी पट्टी सोडून खाली बसलाय. दोन्ही बाजू सारख्या आहेत का. कडा शेजारच्याला ढकलतायत की बोटं घालत आत शिरतायत. आणि खाली कुठपर्यंत गेलाय. त्यानंतर एकच प्रश्न: हा कुठल्या गटातला? माझ्या डोक्यात साधारण पाच गट आहेत, निळ्या गोल पेशी, लांबट पेशी, एपिडर्मिसमधे विखुरलेल्या पेशी, डर्मिसमधल्या (एपिडर्मिसखालच्या थरातल्या) बारीक नळ्या-दोऱ्या, आणि रक्ताच्या पोकळ्या. प्रत्येक दुर्मिळ ट्यूमर यात बसतोच असं नाही पण बरेचसे बसतात.

पायरी ४: गटाप्रमाणे संशयित

निळ्या गोल पेशींपासून सुरुवात करू, कारण चूक झाली तर सगळ्यात महागात पडणारा गट हाच. डर्मिसमधे निळी चादर, वरचा एपिडर्मिस बहुधा सहीसलामत. मोठ्या पॉवरवर सायटोप्लाझम जवळजवळ नाहीच, गोल न्यूक्लियस, क्रोमॅटिन मीठ-मिरपूड भुरभुरल्यासारखं, न्यूक्लियस एकमेकांना दाबून बसलेले, मायटोसिस (दुभंगणाऱ्या पेशी) आणि मेलेल्या पेशींचे ठिपके जिकडेतिकडे. हा मर्केल सेल कार्सिनोमा असू शकतो, पण लिम्फोमा असू शकतो, फुप्फुसातल्या स्मॉल सेल कार्सिनोमाचं मेटास्टॅसिस (तिथून पसरून आलेली गाठ) असू शकतं, छोट्या पेशींचा मेलॅनोमा असू शकतो, आणि नवखे लोक सगळ्यात जास्त वेळा म्हणतात तो बेसल सेल. बेसल सेलमधे बेटांच्या काठाने न्यूक्लियस ओळीत उभे असतात आणि बेट व बाजूचा स्ट्रोमा (ट्यूमरला धरणारा टिश्यू) यात फट पडते, मर्केलमधे हे नीट दिसत नाही.

पेशंटच्या बाजूने इंग्रजी स्वरांची यादी लक्षात ठेवायला बरी पडते, ए-ई-आय-ओ-यू. दुखत-खुपत नाही, झपाट्याने वाढते, इम्युनिटी कमी, वय ५० च्या वर, उन्हाला उघडी असलेली जागा. ही यादी २००८ साली १९५ पेशंटच्या अभ्यासातून आली, त्यातल्या ८९ टक्क्यांमधे यातल्या तीन किंवा जास्त गोष्टी होत्या, आणि गंमत म्हणजे अर्ध्याहून जास्त गाठी बघणाऱ्या डॉक्टरला आधी साध्याच वाटल्या होत्या, बऱ्याचशा सिस्ट म्हणून. म्हणजे "न दुखणारी गाठ" ऐकून निवांत व्हायचं नाही.

स्टेन चारच पुरतात सुरुवातीला: सीके-२० (हा एक केराटिन), टीटीएफ-१ (फुप्फुसासाठी), सीडी४५ (लिम्फोमासाठी) आणि सॉक्स-१० (मेलॅनोमासाठी). मर्केलमधे सीके-२० न्यूक्लियसच्या शेजारी ठिपक्यासारखा दिसतो, हा ठिपका एकदा बघितला की विसरत नाही. फुप्फुसातल्या स्मॉल सेलमधे सहसा उलटं, टीटीएफ-१ पॉझिटिव्ह आणि सीके-२० निगेटिव्ह. तरी मर्केलमधले काही सीके-२० निगेटिव्ह निघतात, तेव्हा सिनॅप्टोफायसिन, क्रोमोग्रॅनिन, आयएनएसएम-१, न्यूरोफिलामेंट या न्यूरोएंडोक्राइन जातीच्या स्टेनचा आधार घ्यायचा आणि क्लिनिशियनला छातीचा स्कॅन बघायला सांगायचं. आता खरा खड्डा. मर्केल सेल कार्सिनोमा पॅक्स-५ आणि टीडीटी या दोन्ही स्टेनला पॉझिटिव्ह येऊ शकतो. लिम्फोमाच्या संशयाने हेच दोन स्टेन आधी लावले आणि केराटिन लावलंच नाही, तर लिम्फोब्लास्टिक लिम्फोमाचा रिपोर्ट जाईल आणि पेशंटला भलतीच केमो सुरू होईल. म्हणून निळ्या गोल पेशींमधे केराटिन नसलेलं पॅनेल मागवायचंच नाही.

थोडी मागची गोष्ट. फ्रीड्रिश मर्केल यांनी त्वचेतल्या त्या स्पर्शाच्या पेशी १८७५ मधे लिहून ठेवल्या. सिरिल टोकर यांनी १९७२ मधे हा ट्यूमर "ट्रॅबेक्युलर कार्सिनोमा" म्हणून मांडला, मर्केलचं नाव नंतर चिकटलं, आणि तो खरंच मर्केल सेलमधूनच निघतो का यावर अजून वाद आहे. २००८ मधे युआन चँग आणि पॅट्रिक मूर यांच्या टीमला यात पॉलिओमा व्हायरस सापडला. याच जोडीला १९९४ मधे कापोसी सार्कोमाचा हर्पीस व्हायरस सापडला होता, म्हणजे दोन दुर्मिळ स्किन कॅन्सर आणि दोन्हीचे व्हायरस एकाच घरातून. युरोप-अमेरिकेत साधारण ८० टक्के मर्केल केसेसमधे हा व्हायरस असतो, ऑस्ट्रेलियात मात्र बऱ्याच कमी, तिथे ऊनच मुख्य आरोपी.

आता लांबट पेशी. इथे दोन वेगळ्या गोष्टी मिसळू नका. पहिली, तरुण किंवा मध्यमवयीन माणूस, अंगावर गाठ, एकसारख्या सडपातळ पेशी चटईच्या विणीसारख्या गोल फिरतायत. या विणीला स्टोरिफॉर्म म्हणतात आणि तो शब्दच मुळात लॅटिनमधल्या चटईवरून आलाय. इथे भांडण डीएफएसपी आणि डर्मॅटोफायब्रोमाचं. डर्मॅटोफायब्रोमा सहसा पायावर, सेंटिमीटरभर, दोन बोटांनी दाबला की मधे खळी पडते. स्लाईडवर वरचा एपिडर्मिस जाड झालेला आणि काठाला कोलॅजनचे जाड गोळे पेशींनी वेढलेले. डीएफएसपीत पेशी चरबीत शिरतात आणि चरबीच्या पेशी मधमाशांच्या पोळ्यासारख्या उरतात. सीडी३४ डीएफएसपीत सगळीकडे भरून येतो, फॅक्टर १३ए डर्मॅटोफायब्रोमात. पण पेशींची दाटी असलेल्या डर्मॅटोफायब्रोमात काठाला सीडी३४ पॉझिटिव्ह येतो, म्हणून काठावरच्या छोट्या तुकड्यात तो दिसला की लगेच उडी मारू नका. शंका राहिलीच तर १७ आणि २२ क्रोमोसोमची अदलाबदल बघायची, त्यातून सीओएल१ए१ आणि पीडीजीएफबी ही जीन्स जोडली जातात आणि पेशीला वाढायचा संदेश सतत मिळत राहतो. इमॅटिनिब हे औषध याच वाटेवर बसतं म्हणून ऑपरेशन न होणाऱ्या केसेसमधे ते उपयोगी पडतं.

डीएफएसपी रिपोर्ट करताना एक जागा डोळ्यात तेल घालून शोधायची. कुठेतरी चटईची वीण मोडून माशाच्या काट्यासारखी तिरकी रचना दिसते का, मायटोसिस वाढलेत का, तिथे सीडी३४ फिका पडलाय का. हे फायब्रोसार्कोमात बदललेले भाग. साधा डीएफएसपी परत परत त्याच जागी येतो पण दूर क्वचित पसरतो, हा बदल झालेला मात्र पसरू शकतो, आणि तो तुम्ही लिहिला नाही तर सर्जनला कळायचा दुसरा मार्ग नाही.

दुसरी लांबट पेशींची गोष्ट म्हणजे म्हातारं माणूस, उन्हाने रापलेलं टक्कल किंवा कान, आणि वेड्यावाकड्या भयंकर दिसणाऱ्या पेशी. इथे स्लॅम नावाची यादी चालते: स्क्वेमस सेल, लायोमायोसार्कोमा (स्नायूच्या पेशींचा), अॅटिपिकल फायब्रोझँथोमा, मेलॅनोमा. यातला तिसरा उरलासुरला असतो, म्हणजे त्याचा स्वतःचा खात्रीचा स्टेन नाही. केराटिन आणि पी४० निगेटिव्ह (स्क्वेमस नाही), सॉक्स-१० निगेटिव्ह (मेलॅनोमा नाही), डेस्मिन निगेटिव्ह (स्नायू नाही), ईआरजी निगेटिव्ह (रक्तवाहिनी नाही) असं सगळ्यांना बाहेर काढल्यावर मगच त्याचं नाव घ्यायचं. सीडी१० पॉझिटिव्ह आला म्हणून काही सिद्ध होत नाही, तो सगळ्यांनाच येतो. वर आणखी एक अट, ट्यूमर उथळ पाहिजे. चरबीत खोल गेला, नर्व्ह किंवा रक्तवाहिनीत शिरला, मधे नेक्रोसिस (मेलेला टिश्यू) दिसला, की तो प्लिओमॉर्फिक डर्मल सार्कोमा, आणि त्याची वागणूक वाईट. म्हणजे नुसत्या वरवरच्या शेव्हवर अॅटिपिकल फायब्रोझँथोमा लिहिणं म्हणजे तळ न बघता विहीर उथळ आहे म्हणण्यासारखं आहे.

याच गटात लपून बसलेला एक सोंगाड्या म्हणजे डेस्मोप्लास्टिक मेलॅनोमा. दिसायला अगदी जुन्या वणासारखा. पेशी विरळ, रंगद्रव्य नाही. पण मधूनमधून लिम्फोसाइट्सचे पुंजके असतात आणि वर एपिडर्मिसमधे थोड्या संशयास्पद मेलॅनोसाइट्स, आणि नर्व्हशी सलगी. मेलन-ए आणि एचएमबी-४५ बहुधा निगेटिव्ह येतात, त्यामुळे "मेलॅनोमा नाही" असं म्हणायचा मोह होतो. सॉक्स-१० आणि एस१०० लावलंच पाहिजे. अर्थात साध्या वणातही एस१०० च्या विखुरलेल्या पेशी असतात, म्हणून किती आणि कशा पसरल्यात ते बघायचं.

एपिडर्मिसमधे एकेकट्या मोठ्या फिकट पेशी विखुरलेल्या दिसल्या की तीन नावं: एक्स्ट्रामॅमरी पॅजेट, मेलॅनोमा इन सिटू (अजून एपिडर्मिसमधेच असलेला), आणि पॅजेटसारखा दिसणारा बोवेन (एपिडर्मिसमधेच असलेला स्क्वेमस सेल). जेम्स पॅजेट यांनी १८७४ मधे स्तनाग्राचा आजार लिहिला, आणि स्तनाबाहेरचा पहिला नमुना १८८९ मधे क्रॉकर यांनी. साधी युक्ती अशी की पॅजेटच्या पेशींच्या खाली बेसल पेशींची एक चेपलेली ओळ बऱ्याचदा शाबूत असते, मेलॅनोमाच्या पेशी मात्र थेट तळाच्या पडद्यावर बसतात. बोवेनमधे पेशींच्या मधले काटेरी पूल आणि जाडजूड केराटिनायझेशन कुठेतरी सापडतं. रंगद्रव्यावर भरवसा ठेवू नका, पॅजेटच्या पेशी शेजाऱ्याचं मेलॅनिन गिळतात आणि मेलॅनोमासारख्या तपकिरी दिसतात.

स्टेन: सीके-७, पी६३, सॉक्स-१०. पॅजेट सीके-७ ला उजळतो आणि बाकी दोघांना निगेटिव्ह, मेलॅनोमा सॉक्स-१० ला, बोवेन पी६३ ला. पण पॅजेट म्हटलं की काम संपत नाही, उलट तिथूनच सुरू होतं, कारण ह्या पेशी तिथल्याच आहेत की आतल्या एखाद्या कॅन्सरमधून चढून आल्यात हे ठरवायचं असतं. तिथल्याच असतील तर सीके-७ आणि जीसीडीएफपी-१५ पॉझिटिव्ह, सीके-२० निगेटिव्ह. सीके-२० आणि सीडीएक्स-२ पॉझिटिव्ह निघाले तर गुदाशय-आतड्याकडे बघा. युरोप्लॅकिन आला तर मूत्राशयाकडे. जीएटीए-३ इथे काही कामाचा नाही, दोन्हीकडे पॉझिटिव्ह येतो. आणि मूत्रमार्गातून आलेला पॅजेट पी६३ ला पॉझिटिव्ह येऊ शकतो, मग लोक त्याला बोवेन म्हणून मोकळे होतात. ही चूक मी दुसऱ्याच्या रिपोर्टमधे पकडली तेव्हा छान वाटलं होतं, सहा महिन्यांनी तीच माझ्या रिपोर्टमधे दुसऱ्याने पकडली.

पापणीचा सेबेशियस कार्सिनोमा पण याच वाटेने एपिडर्मिस आणि कंजंक्टायव्हामधे (डोळ्यावरच्या पातळ पडद्यात) चढतो, म्हणून तो कधी गाठ न होता नुसता एका डोळ्याचा न बरा होणारा लालपणा म्हणून येतो. एकच डोळा, महिनोन्महिने, आणि पापणीचे केस गळतायत, एवढं फॉर्मवर असलं तरी कान टवकारायचे. स्लाईडवर शोधायचं ते म्हणजे फेसाळ सायटोप्लाझम, छोटे छोटे बुडबुडे न्यूक्लियसमधे खाचा पाडतायत असं. प्रोसेसिंगमधे चरबी विरघळून जाते, नुसत्या पोकळ्या उरतात, म्हणून ऑइल रेड ओ सारखा चरबीचा स्टेन पाहिजे असेल तर ताजा टिश्यू फ्रोझनसाठी (गोठवून कापायला) आधीच बाजूला ठेवायला लागतो. अॅडिपोफिलिन फॉर्मलिनमधल्या टिश्यूवर चालतो, पण बुडबुड्यांच्या कडा रंगल्या तरच धरायचा, नुसता दाणेदार रंग इतर ट्यूमरमधेही येतो. बेसल सेलपासून वेगळं करायला बीईआर-ईपी-४ आणि ईएमए, पहिला बेसल सेलमधे पॉझिटिव्ह, दुसरा सेबेशियसमधे. ईएमए स्क्वेमसमधे पण येतो, तेव्हा एकटा नको.

आणि सेबेशियस ट्यूमर डोळ्यापासून लांब कुठे असेल, किंवा पेशंट तरुण असेल, किंवा असे ट्यूमर एकाहून जास्त असतील तर म्यूर-टोर सिंड्रोमचा विचार करा. १९६७ आणि १९६८ मधे म्यूर आणि टोर यांनी वेगवेगळं लिहिलेलं, आता माहीत आहे की हे लिंच सिंड्रोमचंच (घराण्यात आतड्याचा आणि इतर कॅन्सर आणणाऱ्या आनुवंशिक दोषाचंच) एक रूप आहे. एमएलएच-१, एमएसएच-२, एमएसएच-६, पीएमएस-२ हे डीएनए दुरुस्त करणाऱ्या प्रथिनांचे चार स्टेन लावायचे, इथे गंमत उलटी असते, रंग गायब होणं म्हणजे गडबड. शेजारच्या लिम्फोसाइट्समधे रंग आलाय ना ते आधी बघा, नाहीतर फसलेल्या स्टेनला सिंड्रोम म्हणाल. रंग गेला म्हणजे सिंड्रोम पक्का असंही नाही, पण मोठ्या आतड्याची आणि घरातल्या कॅन्सरची चौकशी झालीच पाहिजे. पापणीच्या गाठीवरून आतड्याचा कॅन्सर वेळेत सापडणं, आपल्या कामात यापेक्षा समाधानाचं फार काही मिळत नाही.

बारीक नळ्या आणि दोऱ्यांचा गट उरकतो लवकर. मायक्रोसिस्टिक अॅडनेक्सल कार्सिनोमा हे नाव १९८२ मधलं. वरच्या भागात केराटिनच्या छोट्या सिस्ट, खाली बेडकाच्या पिल्लासारख्या शेपटीवाल्या नळ्या, आणखी खाली एकेरी दोऱ्या, कडक स्ट्रोमा. पेशी इतक्या साध्या दिसतात की कॅन्सर वाटतच नाहीत, मायटोसिस शोधून सापडत नाहीत. इथे पेशींचा चेहरा बघायचाच नाही, त्या कुठे पोचल्यात ते बघायचं: नर्व्हभोवती, स्नायूत, चरबीत. शेजारचे संशयित सिरिंगोमा, डेस्मोप्लास्टिक ट्रायकोएपिथेलिओमा आणि वणासारखा पसरणारा बेसल सेल. पहिले दोन उथळ आणि आटोपशीर. ट्रायकोएपिथेलिओमात सीके-२० लावला की मधे विखुरलेल्या मर्केल पेशी चमकतात, बाकीच्यांत सहसा नाही.

रक्ताच्या पोकळ्यांबद्दल एक माझीच गोष्ट सांगतो. सुरुवातीच्या दिवसांत टाळूचा तुकडा आला, फॉर्मवर फक्त "सूज". रक्त साठलेलं, बारीक वाहिन्या, थोडी सूज, मी बरं होत आलेलं हिमॅटोमा (मार लागून साठलेलं रक्त) लिहायला निघालो होतो. सिनियर मॅडमनी एकच विचारलं, किती दिवस झाले? फोन केला तर तीन महिने, आणि कपाळापर्यंत उतरलंय. परत बघितलं तेव्हा दिसलं की त्या वाहिन्या कोलॅजनच्या दोऱ्यांमधून फटी पाडत चालल्यात, आतल्या पेशी एकावर एक चढल्यात, आणि न्यूक्लियस काळे. अँजिओसार्कोमा. ईआरजी आणि सीडी३१ ने वाहिन्यांच्या पेशी आहेत एवढं कळतं, चांगल्या की वाईट ते कळत नाही, ते रचनेवरूनच ठरवायचं. रेडिएशननंतरच्या केसेसमधे मात्र मिक (एमवायसी) स्टेन मदत करतो, कारण तिथल्या अँजिओसार्कोमात एमवायसी जीन वाढलेलं असतं आणि रेडिएशननंतरच्या साध्या वाहिन्यांच्या बदलांत नसतं. अँजिओसार्कोमाच्या गोलमटोल पेशींच्या प्रकारात केराटिन पॉझिटिव्ह येतो आणि कार्सिनोमा वाटतो, हेही खिशात ठेवा. वर्षानुवर्षं सुजलेल्या हातावर, स्तनाच्या ऑपरेशननंतर, असा ट्यूमर आला तर तो स्ट्यूअर्ट आणि ट्रीव्ह्ज यांनी १९४८ मधे लिहिलेला प्रकार. कापोसी सार्कोमात लांबट पेशी, मधे अरुंद फटी, बाहेर सांडलेल्या लाल पेशी आणि प्लाझ्मा पेशी. एचएचव्ही-८ चा, म्हणजे वर सांगितलेल्या हर्पीस व्हायरसचा, न्यूक्लियसमधला स्टेन आला की वाद मिटतो. इथे एकटा स्टेन जवळजवळ सगळं सांगतो, असं भाग्य क्वचित.

(मायकोसिस फंगॉइडिस, म्हणजे त्वचेतला एक लिम्फोमा, मुद्दाम घेतला नाही, तो स्वतंत्र विषय आहे. एवढंच सांगतो की बायोप्सीच्या आधी दोन-चार आठवडे स्टेरॉइड मलम बंद ठेवलेलं पाहिजे आणि पहिल्याच बायोप्सीत पकडला नाही म्हणून स्वतःला दोष देऊ नका.)

पायरी ५: स्टेन वाचायची शिस्त

प्रत्येक स्लाईडवर ट्यूमर बघायच्या आधी कंट्रोल बघा, म्हणजे ज्या जागी रंग यायलाच पाहिजे तिथे तो आलाय का. स्किनमधे फुकटचे कंट्रोल भरपूर आहेत, एस१०० ला नर्व्ह, सॉक्स-१० ला तळाच्या मेलॅनोसाइट्स, सीडी३४ आणि ईआरजी ला रक्तवाहिन्यांच्या भिंती, अॅडिपोफिलिनला सेबेशियस ग्रंथी. नर्व्हच रंगली नसेल तर "एस१०० निगेटिव्ह" या वाक्याला काही अर्थ नाही. मग रंग कुठे आलाय ते बघा, न्यूक्लियसचा स्टेन सायटोप्लाझममधे आला तर तो पॉझिटिव्ह नाही. आणि पेशी खरंच ट्यूमरच्या आहेत ना? ट्यूमरमधे घुसलेले लिम्फोसाइट्स, हिस्टिओसाइट्स, मेलॅनोसाइट्स सगळे आपापले रंग घेऊन बसलेले असतात.

स्टेन अपेक्षेच्या विरुद्ध आला तर आधी एच अँड ई (रोजच्या साध्या रंगाची स्लाईड) परत बघायची. नव्वद टक्के उत्तर तिथेच असतं हा माझा अंदाज, मोजलेलं नाहीये.

पायरी ६: रिपोर्ट लिहिताना

नाव लिहून झालं की सर्जनला आणि ऑन्कॉलॉजिस्टला जे पाहिजे ते लिहा: आकार, कुठल्या थरापर्यंत गेलाय, कडा मोकळ्या आहेत का आणि किती मिलिमीटरने, नर्व्हभोवती किंवा वाहिन्यांत शिरलाय का. डीएफएसपी आणि अँजिओसार्कोमा डोळ्याला दिसतात त्यापेक्षा लांब पसरलेले असतात, म्हणून कडेच्या सेक्शनला सीडी३४ किंवा ईआरजी लावून बघितलं तर चुकायची शक्यता कमी होते. मर्केलमधे सेंटिनेल नोड (ट्यूमर पसरताना सगळ्यात आधी लागणारी लिम्फ ग्रंथी) आला तर तो नुसत्या एच अँड ई वर निगेटिव्ह म्हणू नका, सीके-२० लावा, सुट्या पेशी अशा लपतात की साध्या स्टेनवर लिम्फोसाइट्समधे मिसळून जातात.

आणि नाव सुचलंच नाही तर वर्णन लिहा. "डर्मिसमधला हाय ग्रेड लांबट पेशींचा ट्यूमर, केराटिन व मेलॅनोसाइटिक मार्कर निगेटिव्ह, तुकडा उथळ असल्याने खोली सांगता येत नाही, पूर्ण एक्सिजन झाल्यावर परत तपासावा" हा चांगला रिपोर्ट आहे. दुसऱ्या कोणाला दाखवायचं असेल तर स्लाईड, ब्लॉक, फॉर्मची कॉपी आणि क्लिनिकल फोटो एकत्र पाठवा. नुसत्या स्लाईड्स पाठवल्या तर समोरचा पहिला प्रश्न तोच विचारणार आहे जो तुम्ही पहिल्या पायरीला विचारायला हवा होता: जागा कुठली आणि किती दिवस झाले?